अमोर्गोस: पालिया स्त्राता चालत जा, परत बसने या

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघं ग्रीसच्या अमोर्गोस बेटावर चार रात्री होतो, त्यातला एक अख्खा दिवस पालिया स्त्राताला दिला, म्हणजे खोरा गावापासून एगिआलीच्या बंदरापर्यंत जाणारी जुनी पायवाट, साधारण 15 किमी. रिव्ह्यू त्या वाटेचाच लिहितेय, कारण बेटावर येणारे बरेच जण गाडी भाड्याने घेतात, मठ बघतात, बीचवर जातात आणि वाट राहूनच जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी पोचायचं कसं ते. एअरपोर्ट नाहीये. अथेन्सच्या पिरेअस बंदरावरून मोठी बोट आठएक तास घेते. आम्ही नाक्सोस बेटावरून एक्सप्रेस स्कोपेलितिस या छोट्या बोटीने आलो, ती मधल्या लहान लहान बेटांना थांबत येते, हलते भरपूर, पण प्रत्येक धक्क्यावर भाजीचे खोके, गॅस सिलिंडर, कोणाचं तरी कपाट उतरताना बघत बसायला मला फार आवडलं.

आता वाट. गाडीरस्ता होण्याआधी बेटाच्या या टोकाहून त्या टोकाला माणसं आणि खेचरं याच वाटेने जायची, म्हणून बऱ्याच ठिकाणी अजून दगडी फरसबंदी आहे आणि दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले गडगे. सुरुवात खोरा गावातून करा, उलट नको. बेट 33 किमी लांब पण अगदी अरुंद, आणि खोरा उंचावर, त्यामुळे शेवट उतरत समुद्राशी होतो. सकाळी लवकर निघालात की पहिला टप्पा म्हणजे होझोविओतिस्साचा मठ, समुद्रापासून 300 मीटर उंचीवर कड्याला चिकटलेला, पांढराशुभ्र. 1088 मध्ये बायझंटाईन सम्राट अलेक्सिओस पहिला याने तो नव्याने उभारला. आठ मजले आहेत, पण रुंदी जास्तीत जास्त 5 मीटर! आत जिन्यातून जाताना एका खांद्याला चक्क कड्याचा दगड लागतो. पुरुषांना फुल पॅन्ट, बायकांना लांब स्कर्ट लागतो, आणि दुपारी मठ बंद असतो. दर्शन झालं की पाणी, लुकूमी ही मऊ मिठाई आणि दालचिनी-लवंग घातलेली गोडसर राकी, म्हणजे तिथली दारू, हातात देतात. कोणी पैसे मागत नाही. आपणहून पेटीत टाका.

मठानंतर मात्र सावली विसरा. झाड नाही, फक्त करडा दगड, काटेरी झुडपं, थाइमचा वास आणि कुठूनतरी शेळ्यांच्या घंटा. पण बघत राहाल असं खूप आहे. गावं ओस पडलीत तरी धान्य मळायची गोल दगडी खळी जागच्या जागी आहेत. कोरड्याठाक जमिनीतून, एकही पान नसताना, समुद्री कांद्याचे पांढऱ्या फुलांचे उंच दांडे वर आलेले, आपल्याकडच्या कोळकांद्याच्याच कुळातलं ते झाड, मी तिथे किती वेळ बसले काय सांगू. वाटेतल्या अस्फोंदिलितिस या वस्तीत दगडांवर कोरलेली माणसं आहेत, नाचणारी, वाद्यं वाजवणारी, ती शोधा, घाईत सुटतात.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. आम्ही दोघांत 3 लिटर नेलं आणि अस्फोंदिलितिसलाच ते संपलं, पुढचे दोन तास तोंड कोरडं पडलं होतं, नवऱ्याचं डोकं दुखायला लागलं आणि मी खरंच घाबरले. माणशी 3 लिटर घ्या, वाटेत मिळेल असं धरूनच चालू नका. टोपी, फुल बाह्या, चांगल्या ग्रिपचे बूट. चपलांवर येऊ नका, खडी सरकते. वाटेवर 1 नंबरच्या पाट्या आहेत, चुकायला होत नाही. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊनही असतं आणि मेलतेमी हा उत्तरेचा वाराही, उघड्या धारेवर तो उभं राहू देत नाही. मे किंवा सप्टेंबरअखेर बेस्ट.

शेवटी पोतामोस गावातून पायऱ्या उतरताना समोर एगिआलीचा उपसागर आणि निकुरिया बेट दिसतं. आम्हाला फोटोंसकट साडेसहा तास लागले. नुसतं चाललं तर साडेचार-पाच.

खाली बंदरावरच्या एका घरगुती तावेर्नात, म्हणजे खानावळीत, बसलो. नवऱ्याने पाताताटो घेतलं, म्हणजे बोकडाचं मटण आणि बटाटे टोमॅटोच्या रश्श्यात हळूहळू शिजवलेले. मी फावा घेतली, पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. सोबत ब्रेड. शाकाहारी लोकांनी काळजी करू नये, फावा आणि झुकिनीची भजी बहुतेक ठिकाणी मिळतात. परत खोरा गावाला बसने. टाइमटेबल सीझनप्रमाणे बदलतं आणि संध्याकाळी फेऱ्या कमी होतात, म्हणून आदल्या दिवशी स्टॉपवर लावलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

5 पैकी 5. पुढच्या खेपेला मे महिन्यात, फुलं असताना.