हीट प्रेस आणि एम्ब्रॉयडरी मशीनची जोडी: एक अख्खा सीझन वापरल्यानंतर

पाडव्याला घरगुती, एका सुईचं कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. १५ बाय १५ इंचाची हीट प्रेस, म्हणजे तापलेली प्लेट दाबून छाप कापडावर बसवणारं यंत्र, आधीपासून होतीच. त्यासाठीची डीटीएफ फिल्म, म्हणजे जिच्यावरचं छापील डिझाइन उष्णतेने कापडाला चिकटतं ती, मी बाहेरून मीटरवर छापून आणते. गणपती, नवरात्र, दिवाळी असा सगळा सीझन या जोडीवर काढला. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: रंग छपाईने भरावा, उठाव टाक्यांनी द्यावा.

यामागे वेळेचा हिशोब आहे. १०,००० टाक्यांचं डिझाइन मिनिटाला ६०० टाक्यांनी चालवलं तरी सतरा मिनिटं खातं, दोरे बदलायचे ते वेगळेच. डीटीएफ १५० ते १६० अंश सेल्सिअसवर १०-१५ सेकंदांत बसतं. त्यामुळे ढोल-ताशा पथकाच्या कुर्त्यांना मी पाठीवरचा मोठा गणपती छापील देते आणि छातीवरचं पथकाचं नाव भरतकामात. लोक हात फिरवून बघतात ते नावावरच, आणि जास्तीचे पैसेही त्याचेच देतात.

क्रम मात्र ठरलेला: आधी छपाई, मग भरतकाम. टाक्यांचा उंचवटा आधी आला तर प्रेसची प्लेट सपाट बसत नाही आणि फिल्मच्या कडा सुटतात. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, म्हणून फिल्म ठेवण्याआधी कापड नुसतंच काही सेकंद दाबून घ्यावं. छपाईच्या वरून दाट भरणी करू नये. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडून छाप तिथेच फाटतो आणि फिल्मचा गोंद सुईला चिकटतो. कडेने साधा धावदोरा चालतो, दिसतोही सुंदर. मोराचा पिसारा छापून डोळा, तुरा आणि मानेची रेघ तेवढी टाक्यांत घेतली, ती ऑर्डर माझी सगळ्यात लाडकी.

होजिअरीचा टी-शर्ट मी थेट फ्रेममध्ये आवळत नाही. फ्रेमचा वळ उठतो आणि ताणलेलं कापड सुटल्यावर डिझाइन आक्रसतं. फ्रेममध्ये फक्त कटअवे पेपर (टाक्यांखाली आधाराला राहणारा, जास्तीचा भाग कात्रीने कापायचा कागद) ताणायचा, त्यावर स्प्रे गोंदाने टी-शर्ट चिकटवायचा आणि बॉलपॉइंट ७५/११ सुई लावायची. न ताणणाऱ्या साध्या सुती कुर्त्याला टेअरअवे, म्हणजे नंतर हाताने फाडून काढायचा, पेपर पुरतो.

देवनागरीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मशीनसोबत आलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नव्हतीच. इंकस्केपवरचं इंकस्टिच हे फुकट सॉफ्टवेअर शिकून मी पंचिंग, म्हणजे डिझाइनची टाक्यांची फाइल बनवणं, घरीच करते. आधी अक्षरांचे दांडे आणि गोलाई शिवायची, मग शब्दाची शिरोरेखा सलग एका सॅटिन पट्टीत, म्हणजे शेजारी-शेजारी दाट आडव्या टाक्यांच्या पट्टीत. अक्षरागणिक तुकड्यांत शिरोरेखा घेतली की प्रत्येक सांध्याला गाठ दिसते. अनुस्वार दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठेवला तर दोऱ्याचा गोळा होतो, आणि ‘र्थ’सारख्या रफाराला त्याहून जास्त जागा लागते. पाच मिलिमीटरच्या खालचा मजकूर, म्हणजे स्थापना वर्ष, गावाचं नाव, मी सरळ छपाईत टाकते. तिथे भरतकामाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दोरा पॉलिएस्टरचाच घ्या. रेयॉनची चमक देखणी असते, पण पांढरे कुर्ते घरोघरी ब्लीचमध्ये बुडवले जातात आणि त्यात रेयॉन टिकत नाही. छपाईचे कपडे उलटे करून गार पाण्यात धुवावेत, छापावर थेट इस्त्री नको. कापडासोबत ही सूचना मी चिठ्ठीवर लिहूनच देते.

बाळाच्या कुंची-दुपट्यावर काम करत असाल तर आतल्या बाजूला मऊ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) लावल्याशिवाय देऊ नका. उलट बाजूचे टाके बाळाच्या अंगाला खरखरीत टोचतात.

मोठ्या ऑर्डरला एका सुईचं मशीन कमी पडतं, हे खरं. पाच रंगांचा लोगो असेल तर दर कपड्याला पाच वेळा दोरा ओवायला बसावं लागतं, दुसरं काम हातात घेताच येत नाही. म्हणून भरतकामाचा भाग मी दोन रंगांच्या वर जाऊ देत नाही, बाकीचे रंग छपाईला. दर सांगतानाही पंचिंगचे पैसे वेगळे लावते, कारण ती मेहनत कपडा एक असो की पन्नास, तेवढीच असते.

मशीन बघायला जाताना स्वतःचा होजिअरीचा टी-शर्ट आणि एखाद्या मराठी नावाची डीएसटी फाइल (एम्ब्रॉयडरी मशीन वाचतं ती टाक्यांची फाइल) पेनड्राइव्हवर घेऊन जा. दुकानात डेमो बहुतेक वेळा कडक, जाड कापडावर फुलं काढून दाखवतात, आणि त्यावर कुठलंही मशीन छानच शिवतं.