युनिटातली शिडी की एसीसी? पंचविशीतल्या जवानापुढचे दोन रस्ते

माझा भाचा कोरेगाव तालुक्यातला. २०१९च्या भरतीतला, आता लान्स नायक, वय पंचवीस पूर्ण. गेल्या सुट्टीत साताऱ्याच्या पोवई नाक्यावर चहा घेताना त्यानं विषय काढला. "मामा, एसीसीचा फॉर्म भरू, का गप युनिटात राहून कॅडर करू? आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको."

मी इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलोय. कॅडर म्हणजे बढतीसाठी युनिटात होणारा कोर्स, आणि एसीसी म्हणजे जवानांना अधिकारी करणारं आर्मी कॅडेट कॉलेज. एसीसीला मी गेलो नाही, जाणारे पाहिले. तरी जे दिसलं ते त्याला सांगितलं, तेच इथं लिहितो.

युनिटातली शिडी आपल्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ असते. अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावात तर विचारूच नका. शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, मग नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. पण या शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत, हे घरच्यांना माहीत नसतं. हवालदारापर्यंत बरंचसं काम सीनियॉरिटी करते. कॅडर पास असावं, फौजेची शिक्षणाची सर्टिफिकेटं आणि मॅप रीडिंग झालेलं असावं, मेडिकल शेप-वन म्हणजे पूर्ण तंदुरुस्त असावं आणि रेकॉर्डवर लाल शाई, म्हणजे शिक्षेची नोंद, नसावी, म्हणजे नंबर येतो. हवालदाराच्या पुढं मात्र निवड होते. बोर्ड बसतं, मागच्या वर्षांचे एसीआर (साहेबांनी लिहिलेले गोपनीय वार्षिक रिपोर्ट) उघडले जातात, आणि त्यात रेजिमेंटल म्हणजे आपल्या युनिटातल्या किंवा इन्स्ट्रक्टरच्या जागेवरचे रिपोर्ट आहेत का हे बघितलं जातं. सगळी हवालदारकी बाहेरच्या आरामाच्या पोस्टिंगवर काढलेला माणूस इथं अडकतो. चांगला माणूस असतो, पण कागद बोलत नाही.

आणि जागा रिकामी पाहिजे. प्रत्येक आर्मची (फौजेतल्या शाखेची), प्रत्येक ट्रेडची यादी वेगळी. एकाच दिवशी साताऱ्यातून गाडीत बसलेले दोघं, एक सिग्नलला आणि एक इन्फंट्रीत, वीस वर्षांनी एकाच रँकवर असतील असं अजिबात नाही. गावातल्या कट्ट्यावर "तुझा का नाही झाला अजून?" असं विचारणाऱ्यांना हे कोण समजावणार!

माझं स्वतःचं सांगतो. हवालदार असताना गुडघा गेला, मेडिकल कॅटेगरी खाली आली. माझ्या मागचे दोघं माझ्या आधी नायब सुभेदार झाले. गुडघा बरा होऊन शेप-वन परत मिळेपर्यंत दीड वर्ष गेलं. ती सीनियॉरिटी पुढं शेवटपर्यंत नडली.

आता एमएसीपी, म्हणजे बढती न होता मिळणारी पगारवाढ. फौजेत ८, १६ आणि २४ वर्षांनी, प्रमोशन झालं नसलं तर, वरच्या लेव्हलचा पगार लागतो. त्यामुळं "रँक नाही मिळाली तरी पैसा मिळतोच की" असं पोरं म्हणतात. पैसा मिळतो, खरं आहे. पण नोकरीची मुदत वाढते ती रँकनं. नायकाला २२ वर्षे, हवालदाराला २४, नायब सुभेदाराला २६, सुभेदाराला २८, आणि पात्र असेल त्याला वर दोन वर्षे वाढवून. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला नायक एक्केचाळिशीत घरी येतो, सुभेदार सत्तेचाळिशीत. पोरांची कॉलेजं नेमकी याच सहा वर्षांत असतात.

दुसरा रस्ता म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज. १९७७ पर्यंत ते पुण्यात होतं, नंतर डेहराडूनला गेलं, आयएमएच्या म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमीच्या आवारात. जवानांमधूनच अधिकारी तयार करायचे म्हणून ते आहे. वय २० ते २७, बारावी पास आणि किमान दोन वर्षे नोकरी. फॉर्म युनिटमार्फत जातो, लेखी परीक्षा होते, मग पाच दिवसांचं एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाची चाचणी. निवड झाली तर एसीसीत तीन वर्षे, पदवी तिथंच मिळते, आणि त्यापुढं एक वर्ष आयएमएत. जवान म्हणून मिळणारा पगार एसीसीच्या काळात चालू राहतो, म्हणून घरावर लगेच काही कोसळत नाही.

इथं आपली पोरं कुठं मार खातात? धावण्यात नाही, फायरिंगमध्ये नाही. इंग्रजीत, आणि एसएसबीच्या ग्रुप डिस्कशनमध्ये. युनिटात सहा वर्षं "यस सर" म्हणायची सवय लागते, आणि एसएसबीत नेमकं तोंड उघडून आपलं म्हणणं मांडायचं असतं. पहिल्याच दिवशीच्या स्क्रीनिंगला निम्म्याहून जास्त परत जाताना मी ऐकलेत. हुशार होते बरेच, बोलले नाहीत.

पगाराचं सातव्या वेतन आयोगाप्रमाणं सांगतो. लान्स नायक आणि लेफ्टनंट यांची तुलना करण्यात अर्थ नाही. सुभेदाराचं मूळ वेतन ४४,९०० पासून, लेफ्टनंटचं ५६,१०० पासून. मिलिटरी सर्व्हिस पे आपल्याला ५,२००, अधिकाऱ्याला १५,५००. खरी दरी लेफ्टनंट कर्नलला पडते, १,२१,२०० पासून. आणि ती रँक १३ वर्षांच्या कमिशन्ड (अधिकारी म्हणून केलेल्या) सेवेनंतर ठरलेल्या वेळेत मिळते, रिकाम्या जागेची वाट बघावी लागत नाही.

पण वयाचा हिशेब करा, फॉर्म विकणारे क्लासवाले हा करून देत नाहीत. भाचा सव्विसाव्या वर्षी एसीसीत गेला तर तिशीत लेफ्टनंट. बत्तिसाव्या वर्षी कॅप्टन, छत्तिसाव्या वर्षी मेजर, त्रेचाळिसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल. निवडीतून कर्नल नाही झाला तर टाइम स्केलनं, म्हणजे नुसत्या सेवेच्या वर्षांवर, व्हायला २६ वर्षे लागतात, म्हणजे छप्पन्नावं वर्ष. निवृत्ती त्याआधीच, चोपन्नाव्या वर्षी. विसाव्या वर्षी गेलेला मुलगा मात्र पन्नाशीत टाइम स्केल कर्नल होऊ शकतो. सहा वर्षांच्या आळसाची ही किंमत. तरीही त्रेचाळिशीत लेफ्टनंट कर्नल की त्रेचाळिशीत हवालदार म्हणून घरी, हा प्रश्न उरतोच.

बहिणीची भीती मला चुकीची वाटते ती एका कारणानं. इथं हातचं सुटत नाही. एसएसबीत नाव आलं नाही तर पोरगा परत आपल्या युनिटात, आपल्याच सीनियॉरिटीवर. चार दिवस बराक हसते, एवढंच. उलट कॅडर पुढच्या वर्षीही करता येतं, सत्ताविसावं वर्ष परत येत नाही.

वय उलटलेल्यांनी हात झटकू नयेत. पस्तिशीपर्यंत एससीओ म्हणजे स्पेशल कमिशन (कमिशन म्हणजे अधिकारीपद) आहे, त्याला पाच वर्षे सेवा लागते. बेचाळिशीपर्यंत स्पेशल लिस्टचं परमनंट कमिशन, त्याला दहा वर्षे सेवा. एसएसबी दोन्हीकडं आहेच. ऑनररी कॅप्टन हा प्रकार वेगळा. सव्वीस जानेवारी आणि पंधरा ऑगस्टला मोजक्या जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) तो मान मिळतो. गावात मरेपर्यंत "कॅप्टन साहेब" म्हणतात, पण त्यावर कुणी बेत आखू नये.

मी प्रत्येकाला एसीसीच सांगणार नाही. माझ्यासारख्याला शंभर माणसांची प्लॅटून-कंपनी हातानं चालवण्यात मजा येते, फायलींत येत नाही. सुभेदार मेजर साहेबांचा शब्द सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबही डावलत नाहीत, हे मी बघितलंय. शिवाय ज्याला इंग्रजीचं पान वाचताना घाम फुटतो आणि सुट्टीतही पुस्तक उघडत नाही, त्यानं कॅडरवर जीव लावावा, हवालदारकीत इन्स्ट्रक्टरची पोस्टिंग मागून घ्यावी, गुडघे सांभाळावेत.

भाच्याचा धाकटा भाऊ अग्निवीरची तयारी करतोय. त्याला हा सगळा लेख चार वर्षांनी लागू होईल, तोही कायम ठेवलेल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांत आला तर.

भाच्यानं फॉर्म भरलाय. कॅडरलाही नाव दिलंय. दोन्हींच्या तारखा एकाच आठवड्यात आल्या तर काय करायचं, हे आता तो हेड क्लार्कला विचारणार आहे.