आवाज बदलणारा डबा: वर्षभर वापरल्यावर (आणि सेलबद्दल जरा जास्तच)

परवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये गोष्ट सांगताना माझा राक्षस ऐन डरकाळीत मुका झाला, म्हणून लिहायला बसलोय. डब्यातले सेल संपले होते. सेल संपणारच, त्याचं काही नाही. पण सेल संपले की माझा साधा आवाजसुद्धा स्पीकरपर्यंत जात नाही, हे काय? माइक डब्यात, डबा मिक्सरमध्ये (स्वयंपाकघरातला नव्हे, सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारा). डबा गेला की माइकही गेला. गिटारवाल्यांच्या कित्येक पेडल्समधून (पायाने दाबायच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या डब्यांमधून) वीज नसतानाही आवाज सरळ पुढे जातो. वीस हजारांच्या वर मोजल्यावर मला तेवढंही नको?

मी मुलांना गोष्टी सांगतो. राक्षस, उंदीर, म्हातारी, आकाशवाणी, सगळं एकटाच. डब्याला लागतात चार पेन्सिल सेल. अडॅप्टर बॉक्समध्ये नाही, वेगळा घ्या. दर कार्यक्रमाला नवे अल्कलाइन टाकायला आपलं मानधन काही एवढं नाही, म्हणून रिचार्जेबल आणले. ते 1.2 व्होल्टचे, साधे 1.5 चे. त्यामुळे सेल बऱ्यापैकी भरलेले असतानाच लाल दिवा लुकलुकायला लागतो. रोजच 'लांडगा आला रे' म्हटल्यावर त्या दिव्याकडे कोण बघणार! बाहेरून वीज लागणारा कंडेन्सर माइक असेल तर त्याचे 48 व्होल्टही याच सेलमधून जातात, तेव्हा वीज न लागणारा साधा डायनॅमिक माइकच बरा.

आवाजाबद्दल मात्र तक्रार नाही. सगळी गंमत डब्यावरच्या चारपैकी पिच आणि फॉर्मंट या दोन स्लायडरमध्ये (वर-खाली सरकवायच्या खटक्यांमध्ये) आहे. पिच म्हणजे स्वरतंतूंची कंपनं, पुरुषांची बोलताना साधारण सेकंदाला शंभर-सव्वाशे, बायकांची दोनशेच्या आसपास. फॉर्मंट म्हणजे घसा आणि तोंडाच्या पोकळीचा घुमारा. नुसता पिच खाली ओढला तर सर्दी झालेला मीच ऐकू येतो. फॉर्मंट खाली आणला की छाती रुंद होते आणि पहिल्या रांगेतली पोरं मागे सरकतात. म्हातारीसाठी पिच थोडा वर, फॉर्मंट जागच्या जागी. उंदराला दोन्ही वर, पण टोकाला नेऊ नका, 'स' आणि 'छ' नुसते शिट्टी मारतात.

आवाज रोबोसारखा करणारं व्होकोडरचं बटण मी दोन-तीन कार्यक्रमांनंतर सोडलं. 'पळ' म्हटलं काय, 'पण' म्हटलं काय, सारखंच. पोरं विचारतात, काय म्हणाला तो? अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या होमर डडलींनी 1930 च्या दशकात व्होकोडर काढला तो टेलिफोनच्या तारेवर आवाज कमी जागेत बसवायला, आणि दुसऱ्या महायुद्धात तो गुप्त बोलण्यासाठी वापरला गेला. गोष्टीत शब्द गुप्त राहून कसं चालेल?

सूर आपोआप जागेवर आणणाऱ्या ऑटो पिचवर बायकोने एक अभंग म्हणून बघितला. तिची पट्टी काळी एक, म्हणजे डब्यावर सी शार्प. स्वर चोख लागले, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरणं) घेतली की जिना उतरल्यासारखी पायरी-पायरीने उतरते. "बंद कर ते," म्हणाली. केलं.

(दोन आठवड्यांनी भर घालतोय.) ओळखीच्या साउंडवाल्याने सांगितलं, यूएसबीला पॉवर बँक लाव. लावली, आणि सेलचा प्रश्न मिटला. आधी मोबाइलच्या चार्जरवर चालवून पाहिलं होतं, तेव्हा मिक्सरला जोडताच 'घूंऽऽ' सुरू व्हायचं. पॉवर बँकेवर ते अजिबात नाही. वर पाचपैकी दोन तारे द्यायचं मनात होतं, आता साडेतीन देतो. अर्धा कापला तो अडॅप्टरचा. पाचवा तर मिळणारच नाही, कारण वायर निघाली की राक्षस अजूनही मुकाच.

जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी माइक लावून चारही स्लायडर सावकाश वर-खाली करा, खरखर आली तर धूळ बसलीय. सेलचा कप्पाही उघडून बघा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर सेल आत गळलेत. भाव पाडा, नाहीतर सरळ उठून या.