यॉर्कची फुकट वॉकिंग टूर, पाच पैकी पाच स्टार

लीड्सला मास्टर्स करतेय, असाइनमेंट सबमिट झाली आणि शनिवारी आम्ही तिघी ट्रेनने यॉर्कला गेलो, जेमतेम अर्धा तास लागतो. तिथले व्हॉलंटियर गाइड 1951 पासून शहर दाखवतात आणि एक पाउंडही घेत नाहीत, मी टिप द्यायला गेले तर आमच्या गाइड काकांनी चक्क नको म्हटलं. एक्झिबिशन स्क्वेअरला आर्ट गॅलरीसमोर सकाळी सव्वादहाला जाऊन उभं राहायचं, बस, साधारण दोन तासांची टूर.

पण काका काय सांगतात! रोमनांनी इ.स. 71 मध्ये इथे किल्ला बांधला, 306 मध्ये कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून इथेच घोषित केलं, मग 866 ला व्हायकिंग आले, त्यांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता म्हणून इथल्या रस्त्यांची नावं स्टोनगेट, पीटरगेट अशी आणि खऱ्या वेशीला मात्र 'बार' म्हणतात. हे कळल्यावर नुसत्या पाट्या वाचायलाही मजा यायला लागली. मल्टँग्युलर टॉवर या तटाच्या जुन्या बुरुजाचं खालचं दगडकाम रोमन, वरचं मध्ययुगातलं, दोन्ही थर वेगळे दिसतात, मी तिथे कितीतरी वेळ भिंतीला हात लावून उभी होते.

तटावर वारा भयंकर, जॅकेट घ्याच. मिन्स्टरला (इथलं मोठं कॅथेड्रल) तिकीट आहे. रेल्वे म्युझियम फुकट. जेवण महाग वाटलं, आम्ही मेथीचे पराठे नेलेले, म्युझियम गार्डन्सच्या हिरवळीवर बसून खाल्ले.