पिठल्याचा एक केस

रविवारी दुपारी तीनला आमच्याकडे पंखा बंद होतो. तेही डोंबिवलीत, मे महिन्यात. नवरा टॉवेल खांद्यावर टाकून गॅलरीत जाऊन बसतो. सासूबाई त्यांच्या लव्हबर्ड्सचा पिंजरा आपल्या खोलीत नेतात, दार लावून घेतात आणि आतून ओरडतात, "आटप गं लवकर! नखं आहेत की गणपतीची आरास?"

मी नेलपॉलिश लावत असते.

यावेळची बाटली होलोग्राफिक आहे. ऑनलाइन मागवली, १० मिली, ५४९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ब्रशवरून बोलायचंय. रंग फिकट जांभळट चंदेरी. पहिल्यांदा रात्री ट्यूबलाइटखाली लावली आणि कपाळावर हात मारून घेतला. साडेपाचशे रुपयांत जांभळी राख! दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली (ही वेगळी बातमी होऊ शकते), दिवा स्टेशन सोडल्यावर हातावर ऊन पडलं, आणि दहाच्या दहा नखांत इंद्रधनुष्य उभं राहिलं. बोट जरा वळवलं की लाल-हिरवा-निळा पट्टा नखावरून सरकत जातो. ठाणं येईपर्यंत मी नुसती बोटं वळवत होते. समोरच्या बाईंना वाटलं असेल, हिला मुंग्या आल्यात.

जुन्या सीडीची मागची बाजू आठवते ना, तोच प्रकार. या रंगात धातूच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात आणि त्यांच्यावर समांतर खाचा. प्रकाश त्या खाचांवर पडला की त्यातले रंग वेगवेगळ्या दिशांना फाकतात. ऊन किंवा मोबाइलचा टॉर्च एका ठिकाणाहून येतो, म्हणून रंग सुटे दिसतात. ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडून येतो, मग ते एकमेकांत मिसळून करडे होतात. म्हणून दुकानातल्या उजेडात बघून अशी बाटली नाकारू नका, टॉर्च लावून बघा. दोन जाती मिळतात. एकीत पट्टा सरळ पळतो, दुसरीत ठिपके विखुरलेले चमचमतात. माझी पट्ट्याची. ठिपक्यांची मला लग्नातल्या केकसारखी वाटते, पण ज्याची त्याची आवड.

आता तक्रारी. ब्रशचा एक केस पहिल्या दिवसापासून आडवा आलेला, तो मी नखं कापायच्या कात्रीनेच उडवला. लेबलवर 'दोन मिनिटांत सुकते' लिहिलंय. हात लावण्याइतकी सुकायलाच मला पंधरा मिनिटं लागली, आणि तासाभराने साडीच्या निऱ्या घातल्या तरी अंगठ्यावर कापडाची वीण उमटली. रंगाचा पहिला हात ओला असताना दुसरा फिरवलात तर खालचा रंग ब्रशबरोबर ओढला जातो आणि मधोमध टक्कल पडतं. पातळ हात द्या, थांबा, मग दुसरा. टॉपकोटने, म्हणजे वरून द्यायच्या पारदर्शक थराने, चमक किंचित मंदावते, पण मी बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर नोटा मोजायच्या असतात, टॉपकोटशिवाय तिसऱ्या दिवशी टोकं पांढरी दिसायला लागतात. ब्रश नखाच्या कडेवरूनही फिरवला की आणखी दोन दिवस निभतात.

पार्लरसारखं कोमट पाण्यात हात बुडवून बसायचं मी सोडलंय. नख पाणी पिऊन फुगतं, नंतर आकसतं, आणि वरचा रंग सुटतो. आधी रिमूव्हरचा बोळा फिरवून नख कोरडं करायचं, खोबरेल तेल सगळ्यात शेवटी.

पंखा का बंद, तर वाऱ्याने रंगाला वरवर साय धरते, खाली बुडबुडे राहतात. आणि दुसरं कारण म्हणजे पिठलं.

पिठलं आमचा बोका. रंगावरून नाव पडलं. उन्हाळ्यात ते इतके केस गाळतं की पंख्याखाली घरभर पिठलंच उडत असतं. रंगाच्या वाफा पक्ष्यांना फार बाधतात म्हणून पिंजरा आत जातो, खिडक्या सताड उघडतात. पिठल्यालाही कडी लावून बाहेर ठेवते. पण मागच्या रविवारी नवरा पाणी प्यायला आला आणि दार नुसतं लोटून गेला. पिठलं आलं, टीपॉयवर चढलं, माझ्या हलणाऱ्या ब्रशला एक पंजा मारला आणि शेपूट थेट ओल्या अनामिकेवरून फिरवलं.

शेपटीच्या टोकाला जांभळी चंदेरी. नवरा रिमूव्हर घेऊन धावला, मी किंचाळले. मांजर अंग चाटतं, म्हणजे अंगावर लावाल ते पोटात जातं, आणि रिमूव्हर तर रंगाहून वाईट. सासूबाईंनी पिठल्याला मांडीवर दाबून धरलं, मी तेवढे केस कात्रीने कापले. रागावून ते फ्रिजवर जाऊन बसलं.

या सगळ्यात अनामिकेवर एक पिवळा केस चिकटून सुकला होता. पुसून परत दोन हात द्यायचं त्राण नव्हतं, म्हणून वरून टॉपकोट फिरवला. बाटली संपली की हीच परत घेणार, पाचपैकी चार. एक गुण ब्रशचा कापला.

सोमवारी गाडीत शेजारच्या मुलीने माझा हात उन्हात धरून निरखून पाहिला. "ताई, बाकी सगळ्या नखांना नुसता रंग आणि एकालाच ही सोनेरी रेघ. इतकी बारीक कशाने काढली?"