थंडरबर्ड: मराठी सब्जेक्ट कुठे तुटतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर

मेलच्या सब्जेक्टमध्ये मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात? थंडरबर्ड या मेल वाचण्या-पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो मेल उघडून कंट्रोल+यू दाबा. कच्चा मजकूर जसाच्या तसा समोर येतो. एवढ्या सोयीसाठीसुद्धा हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावर असावंच. आरएफसी २०४७ या ईमेलच्या नियमाप्रमाणे सब्जेक्टचा एन्कोड केलेला (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांत बदललेला) एक तुकडा ७५ कॅरेक्टर्सपेक्षा लांब चालत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे बेस६४ या एन्कोड करण्याच्या पद्धतीच्या एका तुकड्यात जेमतेम १५ चिन्हं मावतात, तीही काना-मात्रा वेगळ्या धरून! पाठवणाऱ्या स्क्रिप्टने नुसते बाइट मोजून मधेच कापलं, की चिन्ह फुटतं. दुरुस्ती त्या स्क्रिप्टमध्येच करायची. वाचणाऱ्याने सेटिंग बदलत बसू नये. एक उणीव खटकते: कंट्रोल+यूने उघडणाऱ्या खिडकीत बेस६४ उलगडून दिसत नाही.