प्लायवरचा शिक्का हाताला लागला, तिथंच थांबायला हवं होतं

३,११,००० रुपये. घराचं काम करून देतो म्हणून एका ठेकेदारानं माझ्याकडून एवढे घेतले आणि तो पळून गेला. आकडा आधीच लिहून टाकते, कारण गेले सात महिने मी तो कुणाला खरा सांगितलेला नाही. सासूबाईंना 'लाखभर' सांगितलं, शाळेत मैत्रिणींना 'थोडे अडकलेत' सांगितलं, माहेरी तर तोंडच उघडलं नाही. लाज वाटत होती, अजून वाटते. पण माझ्या गप्प राहण्याचा फायदा कुणाला झाला ते शेवटी सांगते, म्हणून आता लिहायला बसले.

पंधरा वर्षं बेळगावात भाड्यानं काढल्यावर वडगावात आम्ही फ्लॅट घेतला. जुनी इमारत, दुसरा मजला, ६४० चौरस फूट. नवरा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, मी खासगी शाळेत. कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर हातात उरलं ते असं: सोसायटीचं कर्ज १,५०,०००, माझी भिशी १,००,०००, पाटल्या गहाण टाकून १,२०,००० आणि साठवलेले ५०,०००. एकूण ४,२०,०००. एवढ्यात स्वयंपाकघराचा कट्टा, ट्रॉल्या, दोन कपाटं, बाथरूम, वायरिंग आणि रंग.

तीन ठिकाणी दर विचारले. एकानं ५,४०,००० सांगितले, दुसऱ्यानं ५,१०,०००, तिसऱ्यानं ३,८५,०००. स्वस्ताच्या मागं लागलात म्हणून फसलात, असं आता जो तो मला ऐकवतो. आमच्याजवळ होतेच ४,२०,०००, तर ५,४०,००० आणायचे कुठून? आणि मी डोळे मिटून होय म्हटलं नव्हतं. एवढं कमी कसं, हे विचारलं होतं. 'आमचं उद्यमबागेत सोताचं वर्कशॉप हाय ताई, शोरूमचं भाडं नाही, पोरं घरचीच.' पटण्यासारखंच होतं ते. आधीच्या गिऱ्हाइकाचा नंबर मागितला, त्यानं लगेच दिला. त्या बाईंशी मी दहा मिनिटं बोलले, त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. यापेक्षा अजून किती चौकशी करायची असते?

आता कळतंय की फोनवर विचारून काही उपयोग नसतो. ज्यांचं काम संपून एक पावसाळा गेलाय त्यांच्या घरी जा, कपाटाची दारं उघडा, सिंकखाली वाकून बघा. त्या बाईंचं काम तेव्हा अर्ध्यावरच होतं, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर मला त्याच्या बोलण्यानं गुंडाळलं. पहिल्याच भेटीत 'गाव कुठलं वो तुमचं?' असं विचारून त्यानं माझ्या आजोळच्या येळ्ळूरपर्यंत ओळख काढली. दुसऱ्या वेळी येताना कुंद्याचा पुडा आणला. 'आपल्या माणसाचं पैलं घर हाय, ह्यात कमवायचं नाही मला.' या शहरात आपल्या भाषेत कुणी असं बोललं की निम्मी चौकशी आपण तिथंच सोडून देतो. मी सोडली. करारनामा नाही, मापं नाहीत, प्लायचा ग्रेड लिहिलेला नाही. वहीचं एक पान होतं, त्यावर कामांची नावं आणि खाली ३,८५,०००, बस.

मार्चमध्ये टोकन म्हणून ११,००० दिले. मग माल बुक करायला १,००,००० रोख. रोखीची पावती मागितली तर 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो की' म्हणाला आणि अंगठा टाकला. तो अंगठा आणि बँकेतून पैसे काढल्याची नोंद, एवढाच आज माझा पुरावा आहे. एप्रिलमध्ये त्यानं एक बिल दिलं, त्याचे ८५,००० भरले, तेही 'मेहुण्याच्या' खात्यावर. स्वतःच्या खात्याला काहीतरी अडचण होती म्हणे. बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं असेल तर एक रुपया पाठवू नका.

त्या बिलावर जीएसटी क्रमांक होता, म्हणून मी निर्धास्त झाले. क्रमांकाची सुरुवात २७ नं होती. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. उद्यमबागेत वर्कशॉप असलेल्या माणसाचा क्रमांक २७ नं कसा सुरू होईल? जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तो टाकून बघता येतो, लॉगिन लागत नाही. मी जूनमध्ये बघितला. नोंदणी केव्हाच रद्द झालेली होती.

पण मला खरी चूक वाटते ती मे महिन्याच्या पहिल्या शनिवारची.

दुपारी टेम्पोतून प्लाय आलं, १८ एमएमच्या चौदा शीट. १७-१८ वर्षांचा एक पोरगा एकेक शीट एकटाच दोन जिने चढवून आणत होता. आठ बाय चारची चांगली मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारी, ३५ किलोच्या आसपास भरते. तो कुठं टेकला नाही की दमला नाही. मी हे बघत होते आणि मनात 'किती कष्टाळू पोर' असं म्हणत होते. चहा झाला, मी कप विसळले आणि तसाच ओला हात वरच्या शीटवर टेकला, शिक्क्यावर. आयएसआयची खूण आणि ७१०, मरीन प्लायचा आकडा. हात उचलला तर तळवा जांभळा. शिक्क्यातला सात पुसट झाला होता.

मी विचारलं, 'हे असं कसं?' तो हसला. 'ओला हात लावल्यावर शाई उतरनारच की वो ताई. एवढा इस्वास नसंल तर उचलून न्हेतो माल, सांगा.'

आणि मी म्हटलं, 'तसं नव्हे हो, सॉरी.' त्यानंतर मी पुन्हा चहा टाकला.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तोच तळवा दिसतो. हात तीनदा साबणानं धुवावा लागला होता. मी माफी का मागितली तेही मला नीट माहीत आहे. तोवर त्यानं कट्टा फोडला होता, बाथरूमच्या जुन्या फरशा उखडल्या होत्या, भिंतीत वायरिंगसाठी खाचा मारल्या होत्या. १,९६,००० त्याच्याकडे होते आणि घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. तो रागावून निघून गेला तर? या लोकांची रीतच ती, आधी फोडायचं आणि मग मागायचं. तुमचं घर फुटलेलं असलं की आवाज त्याचा चढतो, तुमचा उतरतो. म्हणून एकदम सगळं घर फोडू देऊ नका. आधी बाथरूम पूर्ण करून घ्या, मग कट्टा. उशीर होऊ दे.

शिक्का उतरल्यानंतर मी त्याला आणखी १,१५,००० दिले. पहिल्या १,९६,००० बद्दल मी स्वतःला माफ करू शकते. या १,१५,००० बद्दल नाही.

खऱ्या खुणेच्या वर आयएस ७१० लिहिलेलं असतं आणि खाली सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं, मिनिटाचं काम. साध्या एमआर प्लायवर आयएस ३०३ असतं, तिला घरातली कोरडी जागा चालते, सिंकखाली चालत नाही. आमच्या शीटवर खाली क्रमांकच नव्हता. त्याच दुपारी मी कौतुकानं नवऱ्याला फोटो पाठवला होता, त्यात शिक्का स्वच्छ दिसतोय. पुढं मी एक तुकडा पातेल्यात घालून उकळला. खरी मरीन प्लाय ७२ तास उकळली तरी सुटू नये, असा मानकाचा नियम आहे. आमचा तुकडा पाऊण तासात चिरोट्यासारखा सुटला, आत पिवळट भुसा.

मेच्या मध्यावर बाथरूमसाठी ७५,००० घेतले. वॉटरप्रूफिंग सकाळी, फरशी त्याच संध्याकाळी. कोबा पाण्यानं भरून निदान २४ तास ठेवायचा, खालच्या घरात जाऊन छत बघायचं आणि मगच फरशी बसवायची, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. एवढी घाई का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, 'पाऊस तोंडावर आलाय, घाई नगं का करायला?' पावसाआधी काम संपवायची घाई बेळगावात सगळ्यांनाच असते, तिचाही त्यानं पुरेपूर वापर केला. जूनमध्ये खालच्या काकूंच्या देवघरावर पाणी टपकलं. त्यांच्या छताचे १८,५०० आम्ही भरले. काकू एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

२४ मेला शेवटचे ४०,०००. 'सोमवारपासून रेट वाढतोय ताई, आजच भरलं तर जुन्या दरात.' सोमवारी कुणी आलं नाही. मग अमावस्या आली, मग पोरगा गावी गेला, मग आजी वारली, मग फोन बंद. उद्यमबागेतल्या शेडला कुलूप होतं. मालकानं सांगितलं, दोन महिन्यांसाठी घेतली होती, एका महिन्याचं भाडं त्यांचंही बुडालंय. त्याचं घर म्हणाल तर चंदगड तालुक्यात, हद्दीपलीकडं महाराष्ट्रात.

दुसऱ्या सुतारानं झालेल्या कामाची किंमत ७२,००० काढली. म्हणजे २,३९,००० सरळ गेले, काकूंचे वेगळेच.

आता त्याच्याइतकाच ज्यांचा राग येतो त्यांच्याबद्दल. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी ऐकलं, 'हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जावा.' दुसऱ्या वेळी, कन्नडमध्ये लिहून आणा. मला कन्नड वाचता येतं, बोलता येतं, पण अर्जाची भाषा येत नाही. कोर्टाजवळ टायपिस्टला ३०० रुपये देऊन लिहून घेतलं. तिसऱ्या वेळी साहेब नाहीत, 'नाळे बर्री', उद्या या. चौथ्या वेळी साहेब होते. त्यांनी पत्ता वाचला आणि कागद सरकवला, 'माणूस महाराष्ट्रातला, तिकडं तक्रार करा.' नवऱ्यानं पगारी सुट्टी टाकली, वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळी ओलांडून पलीकडच्या ठाण्यात गेला. तिथं मराठीत ऐकावं लागलं, 'काम कर्नाटकात, पैसे कर्नाटकात, आमचा काय संबंध?' १९५६ पासून या सीमेवर आमच्या तीन पिढ्या भाषणं ऐकताहेत, मोर्चे काढताहेत. गरज पडली तेव्हा ती सीमा एका चोराच्या कामाला आली. मोटरसायकलवरून तासाभरात तो इकडून तिकडं जातो आणि दोन राज्यांची पोलीस यंत्रणा हद्दीच्या दगडापाशी थांबते. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नाही. फसवणुकीनं तो इतका खचला नव्हता.

हे लक्षात ठेवा आणि ठाण्यात जाताना कागदावर लिहून न्या. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांनी नोंदवून घ्यायची असते. नाही घेतली तर तीच तक्रार पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवता येते. मला हे ऑक्टोबरमध्ये मावसभावानं सांगितलं, तो वकिली करतो. त्यानं आणखी एक सांगितलं, नुसतं काम अर्धवट सोडलं एवढ्यावर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ टिकत नाही, पहिल्यापासून लुबाडायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. म्हणून खोटा शिक्का, रद्द झालेला जीएसटी क्रमांक, तिसऱ्याच्या खात्यावर घेतलेले पैसे, हे सगळं तक्रारीत वर आलं पाहिजे. मी चार पानं नुसती रडकथा लिहिली होती.

ते नकली प्लाय टाकून देऊ नका. आमच्या सहा शीट मी गॅलरीत झाकून ठेवल्यात.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, समोरचा पलीकडच्या राज्यातला असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. हे मला जूनमध्ये माहीत असतं तर त्या ठाण्याच्या पायऱ्या मी सात वेळा चढले नसते. आमची तक्रार दाखल आहे. नोटीस एकदा 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली, पुढची तारीख पडलीय. कट्टा अजून नाही. गॅस लोखंडी टेबलावर आहे आणि भिंतीतल्या खाचा उघड्याच आहेत.

गेल्या आठवड्यात खानापूरहून एका बाईंचा फोन आला. 'ताई, तुमच्याकडं काम छान केलंय म्हणे, आम्ही त्यांनाच द्यायचं ठरवतोय.' एप्रिलमध्ये त्यानं गोड बोलून माझ्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज रेकॉर्ड करून घेतला होता, 'काम मस्त चाललंय, माणूस विश्वासाचा आहे.' तो आवाज आणि माझा नंबर तो आजही नव्या गिऱ्हाइकांना पाठवतोय. मला ज्या बाईंनी कौतुक ऐकवलं होतं, त्याही बहुतेक अशाच अडकलेल्या. मी खानापूरच्या ताईंना सगळं सांगितलं, आकड्यासकट. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, '११,००० काल दिले ओ मी.'

मी त्यांना म्हटलं, घर फोडू देऊ नका, उद्या सकाळीच दाराला कुलूप लावा आणि माझ्याकडं या, दोघी मिळून तक्रार लिहू.